पुरलेल्या तोफा व टाकलेलीं वाहनें

नागपुरास सीताबर्डीच्या टेकडीखालीं कस्तुरचंद पार्क नांवाचें जें विस्तीर्ण मैदान आहे, त्यांत सुशोभनाचें खोदकाम चालू असतां मातींतून जुन्या तोफा वर आल्या. डागा घराण्यांतील सर कस्तुरचंद यांचें नांव वागविणारें हें मैदान म्हणजे शहराचें अंगणच. येथें पिढ्यान्‌पिढ्या सभा गाजल्या, खेळांचे सामने रंगले, प्रदर्शनें भरलीं आणि दसऱ्यास रावण जळला. लक्षावधि पावलें ज्या मातीवरून गेलीं तिच्याच पोटांत तोफा निजून होत्या, आणि वर चालणाऱ्यांस त्यांची वार्ताहि नव्हती.

आंगठी हरवते, कागद हरवतो, फार झालें तर एखादें गलबत समुद्रांत हरवतें. परंतु दहा माणसांनाहि सहजासहजीं न हलणारी तोफ भर शहरांत हरवावी कशी? हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. लढाईंत वापरलेल्या अवजड वस्तु, मग त्या तोफा असोत, दारूगोळ्याचे गाडे असोत, रणगाडे असोत वा विमानें असोत, त्या कोठें जातात, कोण टाकतो, कोण पुरतो आणि कोण शोधतो, याचा विचार आमच्या इतिहासलेखनांत फारसा झालेला नाहीं. लढाई कोणीं जिंकली हें लिहून झालें, कीं लेखणी पुढच्या लढाईकडे वळते. आम्हांस तर असें वाटतें कीं युद्धसाहित्य हरवतें तें बहुधा रणांगणावर नव्हेच. तें हरवतें युद्धानंतरच्या तहांत, मोजदादींत, लिलावांत आणि मोडीच्या वखारींत. नागपूरचीच गोष्ट पाहूं.

सन १८१७ च्या नोव्हेंबरच्या २६ व २७ तारखांस सीताबर्डीची लढाई झाली. रेसिडेंट जेंकिन्स याच्या पाठीशीं लेफ्टनंट कर्नल स्कॉट याच्या हाताखालचें जेमतेम दीड हजारांचें सैन्य व चार लहान तोफा. उलट बाजूस आप्पासाहेब भोसल्यांचें अठरा-वीस हजारांचें दळ, त्यांत तीन-चार हजार अरब, आणि सुमारें छत्तीस तोफा. २६ तारखेच्या सायंकाळीं गोळीबार सुरू झाला तो रात्रभर चालला. सीताबर्डीच्या टेकड्या दोन, एक थोरली व एक धाकटी. सकाळीं धाकटी टेकडी अरबांच्या हातीं गेली आणि तेथून थोरलीवर मारा सुरू झाला, तेव्हां इंग्रजांचा घात ठरल्यासारखाच होता. त्याच वेळीं कॅप्टन फिट्झजेराल्डनें बंगाल घोडदळाच्या तुकड्यांनिशीं मैदानांत मुसंडी मारून भोसल्यांच्या तोफा हस्तगत केल्या, आणि इकडे टेकडीवर अरबांच्या ऐन गर्दींत दारूगोळ्याचा एक गाडा उडाला. त्या धुरांत व गोंधळांत इंग्रजी शिपायांनीं टेकडी परत घेतली. इंग्रजांकडील साडेतीनशेंच्यावर माणूस मेलें वा जखमी झालें. शौर्याचा वांटा कोणासहि नाकारूं नये. पण नागपूरच्या राज्याचें भवितव्य ज्या घटकेस फिरलें त्या घटकेस तेथें एक साधा लांकडी गाडा होता, हें आम्हांस विसरवत नाहीं. त्याचें चाक नाहीं, आंस नाहीं, कीं खिळाहि कोठें ठेवलेला नाहीं.

यापुढची हकीकत आमच्या विषयास अधिक जवळची आहे. डिसेंबरांत जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला. आप्पासाहेबांस ज्या अटी घालण्यांत आल्या त्यांतील मुख्य अट सर्व तोफा स्वाधीन करण्याची होती. १६ तारखेस आप्पासाहेब रेसिडेन्सींत आले, आणि डव्हटन तोफा ताब्यांत घेण्यास निघाला. पहिल्या तोफखान्यांतील तोफा विनासायास मिळाल्या. परंतु सक्करदऱ्याच्या बागांजवळ येतांच त्याच्यावर भडिमार सुरू झाला. धन्यानें दिलेला शब्द सैन्यास मान्य नव्हता. लढाई झाली, भोसल्यांची छावणी, हत्ती आणि साठांहून अधिक तोफा इंग्रजांस मिळाल्या. तरीहि शहरांतले अरब हटेनात. जुम्मा दरवाज्यावर, ज्यास आज गांधीद्वार म्हणतात, २४ तारखेस चढाई झाली ती फसली. आणि शेवटीं अटी ठरून महिनाअखेरीस अरब बाहेर पडले.

म्हणजे नागपूरच्या पाडावाचा दुसरा अंक हा सारा तोफांच्या मोजदादीचाच अंक होता. तोफ ही त्या काळीं नुसतें शस्त्र नव्हती. ती राज्याच्या सत्तेची निशाणी होती. जिंकणाऱ्याच्या अहवालांत माणसांच्या आंकड्यासारखाच तोफांचा आंकडा येई. असईच्या रणांगणावर सन १८०३ मध्यें वेलस्लीला शंभराच्या आसपास तोफा मिळाल्या, त्यानंतर दोन महिन्यांनीं अडगांवास आणखी अडतीस. पण मोजून घेतलेल्या या शेंकडों तोफांचें पुढें काय झालें? कांहीं कंपनीच्या तोफखान्यांत सामील झाल्या; पितळी तोफा धातूच्या मोलानें वितळविल्या गेल्या; ज्या नेण्यास परवडत नव्हत्या त्यांच्या बत्तीच्या छिद्रांत खिळा ठोकून, नाहींतर बाजूचे दांडे फोडून त्या निकामी केल्या गेल्या व जेथल्या तेथें राहिल्या. निकामी तोफ म्हणजे नुसता धोंडा. धोंडा म्हणून ती दरवाज्याच्या कोपऱ्यास उभी गाडावी, वाटेच्या कडेस रोवावी, किंवा खड्डा बुजवितांना आंत ढकलावी, कोण विचारतो? पुरणाऱ्यास आपण इतिहास पुरतों आहों असें कधींच वाटत नाहीं. तो फक्त जागा मोकळी करीत असतो.

भोसल्यांच्या तोफखान्याची शेवटची दशा तर याहून केविलवाणी झाली. तिसरे रघूजी सन १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले, आणि पुढच्याच वर्षीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीस लिलावांत कवडीमोलानें विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्यास विक्रीस गेलें. बांकाबाईनें केलेला संताप इतिहासांत नमूद आहे. आतां विचार करा. एक जड तोफ हालवावयाची तर बैलांच्या जोड्यांमागें जोड्या लागत, आणि चढ आला कीं मागून हत्ती डोकें लावून रेटा देई. ज्या जनावरांनीं गाडे ओढावयाचे तीं जनावरेंच हातोड्याखालीं गेल्यावर गाड्यांना कोण पुसणार? लांकूड कुजलें, लोखंडी धांवा लोहाराकडे गेल्या, आणि तोफेची नळी तेवढी जमिनीवर आडवी पडली. जुनी तोफ सांपडते पण तोफगाडा सांपडत नाहीं, याचें कारण इतकें साधें आहे. मध्यप्रांताच्या सरकारास तोफगाड्यांचें महत्त्व ठाऊक नव्हतें असें नव्हे. याच प्रांतांत जबलपुरास सन १९०४ मध्यें तोफगाड्यांचा मोठा कारखाना निघाला. नव्या गाड्यांसाठीं कारखाना आणि जुन्यांसाठीं उधई, असा हा न्याय होता.

वऱ्हाडांतील गडांवर मात्र तोफा पुरल्या गेल्या नाहींत. त्या नुसत्या टाकल्या गेल्या. मेळघाटांतील गाविलगड १८०३ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं घेतला तेव्हां स्टीव्हन्सनच्या सैन्यानें जड तोफा डोंगरांतून, वाट करीत करीत, हातांनीं ओढून गडाच्या उत्तरेस नेल्या होत्या. १५ तारखेस गड पडला, दोन दिवसांनीं देवगांवचा तह झाला, आणि गडावरच्या तोफा बुरुजांवर राहून गेल्या. आजहि त्या तेथें गवतांत पडलेल्या दिसतात. अकोल्याकडील नरनाळ्यावरची नऊगजी तोफ अशीच प्रसिद्ध आहे. या तोफा वांचल्या याचें श्रेय कोणाच्या आस्थेस नसून डोंगराच्या चढणीस आहे. त्या खालीं आणण्याचा खर्च मोडीच्या किंमतीहून अधिक होता, एवढेंच. शहरांतील तोफ मात्र दोनच रीतींनीं वांचते: ती कोणा अधिकाऱ्याच्या बंगल्यापुढें शोभेस उभी राहते, नाहींतर मातीखालीं जाते.

येथें थोडें विषयांतर करण्याची वाचकांनीं परवानगी द्यावी. नागपूरच्या मातींत पुरलेलें सर्वांत जुनें युद्धवाहन तोफ नव्हे. तें घोडा होय. शहराच्या पश्चिमेस व दक्षिणेस दगडांचीं वर्तुळें शेंकड्यांनीं पसरलीं आहेत. तीं इसवी सनापूर्वींच्या पहिल्या सहस्रकांतलीं दफनें. जुनापाणी येथील वर्तुळें रिव्हेट-कार्नाकनें एकोणिसाव्या शतकांतच उकरलीं. माहुरझरी येथें नागपूर विद्यापीठाच्या वतीनें डॉ. शां. भा. देव यांनीं १९७० नंतर उत्खनन केलें, तेव्हां मृतांबरोबर पुरलेले घोडे, त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार, लोखंडी लगामाचे भाग आणि हत्यारें मिळालीं. अडीच हजार वर्षांपूर्वींच्या त्या लोकांनीं आपलें वाहन अलंकार चढवून, जागा आंखून, वर दगडांचें कडें रचून पुरलें. याच वर्तुळांच्या नादांत पाद्री स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्यें टाकळघाटाहून परततांना ओढ्याच्या पुरांत बुडाला. टाकळीच्या व सीताबर्डीच्या खडकांतील जीवाश्म प्रथम जगापुढें मांडणारा हा मनुष्य. त्याच्या नांवाचें महाविद्यालय नागपुरांत आहे, परंतु जमीन वाचण्याची त्याची विद्या शहरानें मनावर घेतली असें म्हणवत नाहीं.

आतां विसाव्या शतकाकडे येऊं. दुसऱ्या महायुद्धांत आघाडी नागपूरपासून फार दूर होती, आसाम व ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. तरी या प्रांतास युद्धाची झळ लागलीच. विंगेटच्या चिंडिटांनीं जंगलयुद्धाचे धडे गिरविले ते सागरकडच्या रानांत, आणि नागपूरचें सोनेगांव विमानतळ, जें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तयार झालें होतें, तें इंग्रजी वायुदलाचा मधला थांबा बनलें. युद्ध संपलें तेव्हां हिंदुस्थानभर लष्करी मालाचे डोंगर पडले होते: जीपगाड्या, मालमोटारी, पत्र्याचीं छपरें, तंबू, आणि डकोटा विमानें. अमेरिकेस तीं घरीं नेणें परवडत नव्हतें. १९४६ च्या सुमारास आमच्याकडे विमानकंपन्यांचें जें पीक आलें, तें या स्वस्त डकोटांच्या जोरावर. ज्या डकोटांनीं ब्रह्मदेशांतील पलटणींस अन्न टाकलें त्याच जातीचीं विमानें पुढें वाण्याउदम्यांची वाहतूक करूं लागलीं.

आणि नागपूरचा मोठेपणा असा कीं, या टाकाऊ युद्धसामुग्रीचा एक अत्यंत सुंदर उपयोग याच गांवीं झाला. १९४९ च्या जानेवारींत रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रोज रात्रीं एकेक विमान टपालाचीं पोतीं घेऊन निघे. मध्यरात्रीं चारहि विमानें सोनेगांवीं उतरत, पोत्यांची अदलाबदल होई, आणि उजाडण्यापूर्वीं प्रत्येक विमान आपल्या घरीं परत जाई. मद्रासेस सायंकाळीं टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं दिल्लीस पोहोंचे. १९७३ च्या ऑक्टोबरपर्यंत ही योजना चालली. ज्या विमानांनीं तिचा आरंभ केला त्यांतलें एखादें तरी सोनेगांवीं जपून ठेवावें अशी बुद्धि कोणास झाली नाहीं. याउलट १९९१ मध्यें उतरलेलें एका खाजगी कंपनीचें नादुरुस्त बोइंग मात्र सुमारें चोवीस वर्षें त्याच विमानतळावर निवांत उभें होतें. जें ठेवावयाचें तें जातें आणि जें न्यावयाचें तें राहतें! हिंदी वायुदलाच्या विमानांची निगा राखणाऱ्या कमानीचें मुख्य ठाणें आज याच नागपुरांत आहे, हेंहि येथें नमूद करतों.

टाकलेल्या युद्धविमानांचा शोध घेऊन त्यांस पुन्हां जीव देण्याचा सर्वांत विलक्षण प्रसंग मात्र कानपुरास घडला. युद्धकाळीं उसनवारीच्या करारानें मिळालेलीं अमेरिकन लिबरेटर बाँबफेकी विमानें युद्धानंतर एक तर परत करावयाचीं, नाहींतर नष्ट करावयाचीं, अशी अट होती. इंग्रजी वायुदलानें तीं कानपूरच्या चकेरी तळावर एकत्र केलीं व मोडूनतोडून तेथेंच टाकलीं: पत्र्यावर घाव घातले, यंत्रांत वाळू ओतली, कांहींचीं नाकें जमिनींत रुतविलीं. जाणाऱ्यांस वाटलें कीं आतां हीं उडत नाहींत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४० मध्यें बंगळुरास जो विमानाचा कारखाना उभारला होता, त्याच्या कारागिरांनीं हा ढीग पाहिला. या विमानाचा तुटका भाग त्या विमानास लावून तीं जेमतेम उडण्याजोगीं केलीं. आणि जमशेद मुन्शी या वैमानिकानें तीं एकामागून एक बंगळुरास नेलीं. अशीं चाळीसच्या आसपास विमानें सावरलीं. १९४८ च्या नोव्हेंबरांत त्यांवर वायुदलाचें पांचवें पथक उभें राहिलें. पुढें कांहीं विमानें पुण्याच्या लोहगांवाहून उडत असत. १९६८ पर्यंत त्यांनीं नोकरी केली. गंमत अशी कीं, आज इंग्लंड, कॅनडा व अमेरिका येथील संग्रहालयांत जीं थोडीं लिबरेटर शिल्लक आहेत त्यांतलीं कित्येक या मोडींतून उठलेल्या हिंदी विमानांपैकींच आहेत. ज्यांनीं मोडलीं त्यांनींच तीं पुढें आदरानें मागून नेलीं.

याच्या अगदीं उलट गोष्ट ब्रह्मदेशची. १९४५ मध्यें रंगूनजवळ मिंगलाडोन विमानतळावर इंग्रजांनीं नवींकोरीं स्पिटफायर विमानें खोक्यांसकट जमिनींत पुरून ठेवलीं, अशी एक आख्यायिका निघाली. लिंकनशायरचा एक शेतकरी १९९६ पासून तिच्या मागें लागला. म्हाताऱ्या सैनिकांच्या जबान्या जमल्या. विमानांचा आंकडा प्रथम छत्तीस होता तो शंभराच्यावर गेला. २०१२ मध्यें इंग्लंडच्या पंतप्रधानांनीं ब्रह्मी सरकाराशीं बोलणें केलें. खेळ तयार करणाऱ्या एका श्रीमंत कंपनीनें पैसा दिला. आणि २०१३ च्या जानेवारींत खोदाईस आरंभ झाला. उत्तरेस म्यितक्यिना येथें एक खोकें लागलें म्हणून बोभाटा झाला. आंत पाहतात तों गढूळ पाणी. बरोबर गेलेल्या पुराणवस्तुसंशोधकांनीं दप्तरें चाळलीं, तेव्हां अशीं विमानें रंगूनास उतरल्याचा व पुरल्याचा पुरावाच निघेना. फेब्रुवारींत पैसा देणाऱ्या कंपनीनें हात झटकले.

आम्ही या शेतकऱ्यास हंसत नाहीं. सोळा वर्षें पदरचा पैसा खर्चून एका गोष्टीचा पिच्छा पुरविणें हा सामान्य गुण नव्हे. परंतु कानपूर व मिंगलाडोन यांतला फरक ध्यानांत घेण्यासारखा आहे. कानपूरचीं विमानें उघड्यावर होतीं, सर्वांस दिसत होतीं, आणि त्यांची किंमत कोणाला कळत नव्हती; मिंगलाडोनचीं कोणासच दिसत नव्हतीं, म्हणून त्यांची किंमत वाढत गेली. पुरलेल्या धनाची ही जुनीच माया. आमच्या खेड्यापाड्यांतून पेंढाऱ्यांच्या हंड्यांसाठीं वाड्यांच्या भिंती पोखरणारे लोक याच मायेचे बळी.

तेव्हां शोधाची सरळ वाट कोणती? प्रथम कागद. सैन्याच्या रोजनिशा, सामान सोपविल्याच्या याद्या, लिलावांचे हिशेब, जुने नकाशे हे पाहिल्यावांचून कुदळ उचलूं नये. मग माणसें: जुने गांवकरी, लोहार, मोडीचे व्यापारी. त्यानंतर यंत्र, आणि येथें नागपूरकरांस एक खास अडचण आहे. जमिनीखालचें लोखंड हुडकणारीं यंत्रें चुंबकत्वावर चालतात, आणि दख्खनचा काळा पाषाण स्वतःच थोडाबहुत चुंबकीय असतो. हा पाषाणप्रदेश पूर्वेस नागपुराशींच संपतो; सीताबर्डीची टेकडी त्याच्या कांठावर उभी आहे. म्हणून टेकडीच्या पायथ्याशीं यंत्राची सुई जी थरथरेल ती तोफेमुळें कीं खडकामुळें हें सांगण्यास जाणता मनुष्यच पाहिजे. शिवाय आमची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तींत पातळ पत्र्याची मोटार फार दिवस टिकत नाहीं, ओतीव तोफ टिकते. आणि सर्वांत शेवटीं, परवानगीनें व सावधपणें, कुदळ. कारण पुरलेल्या तोफेंत भरलेली दारू असूं शकते.

तोफ निघाल्यावर तिला वाचावें लागतें. इंग्रजी ओतीव तोफेवर राजमुद्रा वा कंपनीची खूण असते, आणि पाठीवर तीन आंकडे कोरलेले असतात. ते वर्ष नव्हे, वजन होय: पहिला आंकडा एकशें बारा पौंडांच्या मापाचा, दुसरा त्याच्या चतुर्थांशांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. देशी तोफेवर फारशी किंवा देवनागरी लेख, ओतणाऱ्याचें वा धन्याचें नांव, क्वचित् तोफेचें स्वतःचें नांवहि मिळतें; आणि जुनी घडीव तोफ असेल तर पट्ट्यांवर कड्या चढविल्याच्या रेषा दिसतात. एवढें वाचलें तरी तोफ कोणाची, कोणत्या काळची आणि कोणत्या कामाची हें पुष्कळसें उलगडतें. गंज खरवडणाऱ्या हौशी माणसाच्या हातून ही अक्षरें एका दुपारींत जाऊं शकतात, म्हणून पहिलें काम घांसण्याचें नव्हे, ठसे घेण्याचें.

कायद्याची स्थिति मौजेची आहे. १८७८ च्या कायद्यानें जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास कलेक्टरास कळविणें भाग आहे. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यानें शंभर वर्षांची वस्तु संरक्षणास पात्र होते. म्हणजे सीताबर्डीच्या लढाईची तोफ पात्र, पण १९४५ ची जीपगाडी २०४५ पर्यंत निव्वळ मोड! तोंवर तिचें काय उरणार? कोहिमाच्या उतारावर १९४४ च्या लढाईंत घसरून अडकलेला अमेरिकन ली रणगाडा जागच्या जागीं स्मारक म्हणून राहिला, हें सुदैव. १९४७ मध्यें श्रीनगरला पलटण नेणाऱ्या डकोटांच्या जातीचें एक विमान २०११ मध्यें आयर्लंडांत भंगारांत मिळालें व दुरुस्त होऊन २०१८ मध्यें ‘परशुराम’ या नांवानें वायुदलांत आलें. तें घडलें तें एका कुटुंबाच्या निष्ठेमुळें. व्यवस्थित, संस्थेच्या हातून झालेलें काम पाहावयाचें तर अहमदनगरास, आतांच्या अहिल्यानगरास, जावें. चिलखती दळाच्या केंद्रानें १९९४ मध्यें तेथें रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. रोल्स-रॉईसची जुनी चिलखती मोटार, माटिल्डा, चर्चिल, ब्रह्मदेशच्या मोहिमेंत आलेले जपानी रणगाडे, पुढच्या युद्धांतील पॅटन, हीं सर्व तेथें उन्हांत ओळीनें उभीं आहेत. शाळेंतील मुलें त्यांवर हात ठेवून पाहतात. आमच्या मतें महाराष्ट्रांतील इतिहासाच्या उत्तम पाठशाळांपैकीं ती एक आहे.

नागपुरासहि असें कांहीं करणें कठीण नाहीं. कस्तुरचंद पार्कांत पुढें जें जें खोदकाम होईल, तें आधीं जमीन तपासून व्हावें. निघालेल्या तोफांचीं मापें, वजनें, ठसे व छायाचित्रें एका लहानशा पुस्तिकेंत छापून तीं दोन-तीन रुपयांस नव्हे तर फुकट शाळांस द्यावीं. आणि गाविलगड-नरनाळ्यावरच्या तोफांची नोंद तिलाच जोडावी. सीताबर्डीचा किल्ला, जो इंग्रजांनीं लढाईनंतर टेकडीवर बांधला आणि जेथें त्या लढाईंत पडलेल्यांच्या कबरी आहेत, तो लष्कराच्या ताब्यांत असून प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन व स्वातंत्र्यदिन या दिवशीं लोकांस पाहावयास मिळतो. त्या दिवशीं रांगा लागतात. बायका मुलांस कडेवर घेऊन चढ चढतात. वर गेल्यावर मुलें पहिला प्रश्न विचारतात तो तोफ कुठें आहे हा. खालच्या मैदानाकडे बोट दाखवून त्यांस उत्तर देणारा एक जाणता मनुष्य त्या तीन दिवशीं तटावर उभा करण्यास फारसा खर्च येणार नाहीं.